‘रिसर्चने सिद्ध’ असं फॉरवर्ड आलं? आधी विचारा : कशाच्या तुलनेत?

आपण इथे नेहमी फोन, ॲप आणि सेटिंग यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही तुमच्या फोनमध्येच दडलेला आहे. तुमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या महिन्याभरात ‘रिसर्चने सिद्ध झाले आहे’ असं लिहिलेलं एक तरी फॉरवर्ड नक्कीच आलं असेल. ते खरं की खोटं, हे फोनवरूनच कसं तपासायचं, ते आज बघू.

माझ्या घरी हा प्रश्न एका रात्री साडेदहा वाजता आला. आत्याचा व्हॉइस मेसेज होता : “अरे, हे पाह्य बरं जरा. खरं आहे का? खरं असन तर पोराची ती गोळी बंद करून महिनाभर हेच देऊन पाहतो.”

आत्या उमरेडकडे राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, १३ वर्षांचा आहे आणि त्याला सिकलसेल आहे. त्याची रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे. फॉरवर्डमध्ये एका पावडरीची जाहिरात होती. ‘सिकलसेल मुळापासून, तीन महिन्यांत, रिसर्चने सिद्ध’ असा मजकूर, खाली पाच-सहा पेशंटचे हसरे फोटो आणि ऑर्डर करायला एक मोबाइल नंबर.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण ‘फेक आहे, इग्नोर कर’ एवढंच लिहून भागणार नव्हतं. मागच्या वर्षी कोणीतरी आत्याला सांगितलं होतं की ही गोळी ‘कॅन्सरची’ आहे, तेव्हापासून ती घाबरलेलीच होती. एका बाजूला भीती आणि दुसऱ्या बाजूला हसरे फोटो. अशा वेळी माणूस फोटोंकडे वळतो. म्हणून त्या रात्री मी बसलो आणि नीट वाचलं. जे कळलं ते तुमच्यासाठी लिहितोय.

सिकलसेल म्हणजे नेमकं काय?

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात, म्हणून बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या सहज सरकतात. लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. त्याच्या जनुकात एका जागी एक छोटासा बदल असला, की ऑक्सिजन कमी झाल्यावर ती पेशी वाकडी होते, विळ्यासारखी. इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. अशा वाकड्या, ताठर पेशी वाहिन्यांत अडकतात आणि मग हातपाय, छाती, पाठ यांत असह्य कळा येतात. डॉक्टर याला ‘क्रायसिस’ म्हणतात. शिवाय या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होतं.

हा आजार संसर्गाने होत नाही, आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे टेस्ट केल्याशिवाय कळतही नाही.

विदर्भाला हा आजार नवा नाही. १९५८ सालीच ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध मेडिकल जर्नलमध्ये शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलच्या वाहकांची नोंद केली होती. आदिवासी समाजांत याचं प्रमाण जास्त आहे, पण तो फक्त त्यांच्यातच आहे असं नाही. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे.

हसऱ्या फोटोंमध्ये गडबड कुठे आहे?

समजा, ते फोटो खरे आहेत. त्या लोकांनी खरंच पावडर घेतली आणि त्यांना खरंच बरं वाटलं. तरीही त्यातून काही सिद्ध होत नाही. कसं ते सांगतो.

नागपूरचा मे महिना आठवा. पारा ४६ वर गेला. आजीने सांगितलं म्हणून तुम्ही खिशात कांदा ठेवून बाहेर पडलात. दुसऱ्या दिवशी पारा ४३. आता ‘माझ्या कांद्यामुळे नागपूर तीन डिग्रीने थंड झालं’ असं कोणी म्हटलं, तर तुम्ही काय म्हणाल? “अबे, ४६ च्या दुसऱ्या दिवशी पारा तसाही खाली येतोच ना बे!”

सिकलसेलच्या कळांचंही असंच असतं. त्या येतात आणि जातात. एखाद्या महिन्यात मूल तीनदा ॲडमिट होतं, पुढचे दोन महिने शांत जातात. आणि माणूस नवीन औषध कधी शोधतो? सगळ्यात वाईट महिन्यात. म्हणजे पारा ४६ वर असताना. त्यानंतर काहीही दिलं, पावडर, काढा किंवा नुसतं साखरपाणी, तरी पुढचा महिना बरेचदा जरा बरा जातोच. श्रेय मात्र शेवटी जे दिलं त्याला मिळतं.

म्हणूनच कुठल्याही उपचाराबद्दल पहिला प्रश्न ‘किती लोकांना बरं वाटलं?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो : कशाच्या तुलनेत? ज्यांनी ते औषध घेतलं नाही, त्यांचं त्याच काळात काय झालं? आजच्या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

नागपुरातच झालेली ६० मुलांची ट्रायल

त्या रात्री शोधताना मला सापडलं की आतेभावाच्या गोळीची परीक्षा आपल्या नागपुरातच झाली आहे. गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’च्या, बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली आणि २०१२ साली ‘हिमोग्लोबिन’ नावाच्या जर्नलमध्ये निकाल छापून आला.

आता तुम्ही म्हणाल, ही गोळी तर अमेरिकेत आधीच तपासून झाली होती ना? बरोबर. १९९५ साली अमेरिका-कॅनडातल्या २९९ प्रौढ पेशंटवरच्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला होता. गोळी घेणाऱ्यांच्या गटात वर्षाला मध्यक २.५ क्रायसिस होत्या आणि न घेणाऱ्यांच्या गटात ४.५. फरक इतका स्पष्ट होता की ती ट्रायल ठरलेल्या वेळेच्या आधीच थांबवली गेली. १९९८ मध्ये अमेरिकेत या औषधाला सिकलसेलसाठी मंजुरी मिळाली.

मग नागपुरात पुन्हा का? कारण पेशंट वेगळे आहेत. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात एक वेगळं ‘गर्भातलं’ हिमोग्लोबिन असतं. ते पेशींना वाकडं होऊ देत नाही. हायड्रॉक्सियुरिया हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. भारतातल्या अनेक पेशंटमध्ये ते मुळातच जास्त असतं. मग त्यांना या गोळीचा उपयोग होईल का? कमी डोस पुरेल का? आणि आपल्याकडच्या लहान मुलांचं काय? अमेरिकेतल्या प्रौढांच्या आकड्यांवरून याची उत्तरं मिळत नव्हती.

ट्रायल अशी होती :

- मुलं कोणती? ५ ते १८ वर्षांची ६० मुलं. सगळ्यांचा आजार तीव्र, म्हणजे वर्षातून अनेकदा कळांमुळे ॲडमिट व्हावं लागणारी किंवा रक्त चढवावं लागणारी.
- गट कसे पाडले? ३० आणि ३०. कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टरने ठरवायचं नाही आणि आईवडिलांनीही नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं, नशिबावर. याला ‘रँडमाइज्ड’ म्हणतात. नाहीतर काय होईल? डॉक्टर नकळत जरा बऱ्या मुलांना एका गटात टाकतील आणि तुलनाच बिघडेल.
- काय दिलं? एका गटाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सियुरिया. दुसऱ्या गटाला प्लेसिबो, म्हणजे औषध नसलेला डोस.
- कोणाला माहीत होतं? ट्रायल ‘डबल ब्लाइंड’ होती. कोणाला खरी गोळी चाललीय, हे मुलांना माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसतं. कारण ‘आपल्याला औषध मिळतंय’ एवढ्या कल्पनेनेही माणसाला बरं वाटू शकतं आणि डॉक्टरही नकळत झुकतं माप देऊ शकतो.
- किती दिवस? १८ महिने.

आता निकाल. गोळी घेणाऱ्या मुलांना सुरुवातीला वर्षाला सरासरी १२ च्या आसपास क्रायसिस येत होत्या. १८ महिन्यांनी हा आकडा १ च्याही खाली आला, ०.६. आता आपला प्रश्न विचारा : कशाच्या तुलनेत? प्लेसिबो गटात तेव्हाही तो १० च्या आसपासच होता. गोळीच्या गटात ॲडमिट होणं आणि रक्त चढवणं, दोन्ही खूप कमी झालं.

या दुसऱ्या गटामुळेच पहिल्या आकड्याला अर्थ आला. तो गट नसता, तर ‘१२ वरून ०.६’ हाही शेवटी एक हसरा फोटोच ठरला असता.

हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल. ॲपवाले तुमच्यावर हेच करतात. अर्ध्या लोकांना हिरवं बटण, अर्ध्यांना निळं, आणि कुठलं जास्त दाबलं जातं ते बघायचं. टेकच्या भाषेत याला ‘ए-बी टेस्टिंग’ म्हणतात. फरक एवढाच की ॲपवाला तुम्हाला विचारत नाही, ट्रायलवाल्याला मात्र विचारावंच लागतं. त्यावर पुढे बोलू.

ट्रायल चांगली असली तरी तिच्या मर्यादा वाचा

या ट्रायलमध्ये मुलं फक्त ६०, हॉस्पिटल एकच आणि काळ १८ महिने. गोळी २० वर्षं घेतली तर काय, याचं उत्तर त्यात नाही. सगळी मुलं तीव्र आजाराची होती, त्यामुळे ज्याला क्वचितच त्रास होतो त्याला हाच फायदा मिळेल असं म्हणता येत नाही. आणि या गोळीने आजार मुळापासून जात नाही, त्रास कमी होतो.

‘कॅन्सरची गोळी’ ही गोष्टही अर्धी खरी आहे. हायड्रॉक्सियुरिया काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात. त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणूनच ठरावीक दिवसांनी रक्त तपासायला बोलावतात. याचा अर्थ गोळी वाईट असा नाही. ती लक्ष ठेवून, डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यायची असते. डोस स्वतःहून वाढवायचा नाही, कमी करायचा नाही आणि बंदही करायचा नाही.

चांगल्या पेपरमध्ये अशा मर्यादा लिहिलेल्या असतात. फॉरवर्डमध्ये त्या कधीच नसतात. खऱ्याखोट्याची ही एक सोपी खूण आहे.

‘७७.८ टक्के’ म्हणजे किती?

आता आकड्यांची गंमत. कोव्हॅक्सिन आठवतेय? २०२० मध्ये तिच्या पहिल्या टप्प्यातली ट्रायल देशातल्या ११ हॉस्पिटलांत ३७५ लोकांवर झाली. त्यात नागपूरचंही एक हॉस्पिटल होतं. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध सुरक्षित आहे का, ते बघतात. दुसऱ्या टप्प्यात डोस आणि परिणाम. तिसऱ्या टप्प्यात हजारो लोक घेऊन खरी तुलना.

कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात लक्षणांसह कोविड झालेले १३० जण मोजले गेले. त्यातले २४ लस घेतलेल्या गटातले होते आणि १०६ प्लेसिबो गटातले. दोन्ही गट जवळपास सारखे, साधारण साडेआठ-साडेआठ हजारांचे. यावरून परिणामकारकता ७७.८ टक्के निघाली.

पुष्कळांनी याचा अर्थ काढला, की लस घेतलेल्या १०० जणांतल्या २२ जणांना कोविड होणार. चूक! त्या ट्रायलच्या काळात, लस घेतलेल्या दर हजारात साधारण ३ जणांना कोविड झाला आणि न घेतलेल्या दर हजारात साधारण १२ जणांना. ७७.८ टक्के म्हणजे या दोघांतली तुलना. पुन्हा तोच प्रश्न आला ना!

जाहिरातवाले याचा उलटा फायदा घेतात. एखादा धोका हजारात २ वरून १ वर आला, तर ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. खोटं नाही, पण अर्धवट आहे. टक्केवारी दिसली की विचारा : हजारात किती होते आणि किती झाले?

प्रत्येक ‘रिसर्च’ म्हणजे ट्रायल नाही

‘रिसर्च’ या शब्दात बरंच काही येतं. ढोबळ मानाने, कमी भरवशाकडून जास्त भरवशाकडे असा क्रम लागतो :

१. लॅबमधला प्रयोग : काचेच्या बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर. सुरुवात म्हणून महत्त्वाचा, पण माणसाला लागू होईलच असं नाही.

२. एखाद्या पेशंटची हकिकत : हसरे फोटो इथेच येतात.

३. निरीक्षण : अनेक पेशंटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणं. नागपुरात सिकलसेलसाठी नवजात बाळांची तपासणी करून त्यांचं पुढे काय होतं, हे डॉक्टरांनी बघितलं. तो अभ्यास २०१६ साली ‘प्लॉस वन’मध्ये आला आणि कोणालाही फुकट वाचता येतो. आजार कसा वागतो, हे अशा अभ्यासातून कळतं. पण ‘अमुक औषधामुळे बरं झालं’ असं छातीठोकपणे सांगायला तो पुरत नाही.

४. तुलना गट असलेली ट्रायल : वर सांगितली तशी.

५. अनेक ट्रायल एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष : याला ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ म्हणतात.

तुलना करायला दर वेळी मोठं हॉस्पिटलच लागतं असंही नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांसाठी हेच केलं. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. ४७ गावं तुलनेसाठी होती, तिथे नेहमीच्याच सोयी चालू राहिल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पुढे आशाताई घरी येऊन बाळाला तपासतात, ही देशभरची योजना या पद्धतीवर उभी राहिली. तिथेही चिठ्ठ्या टाकून गावं निवडली नव्हती, म्हणजे ही ट्रायलही सर्व बाजूंनी परिपूर्ण नव्हती. पण ‘कशाच्या तुलनेत’ याचं उत्तर तिच्याकडे होतं.

आता फोन हातात घ्या : ५ मिनिटांत तपासणी

पायरी १ : फॉरवर्डमध्ये या चार गोष्टी शोधा. कोणी केलं, कुठे केलं, किती लोकांवर केलं, कुठल्या जर्नलमध्ये छापलं. चारही गायब असतील आणि फक्त ऑर्डरचा नंबर असेल, तर तुमचं काम इथेच झालं.

पायरी २ : पबमेड उघडा. गुगलवर ‘पबमेड’ टाकलं की येतं. जगभरच्या मेडिकल पेपरची ही फुकट यादी आहे, लॉगिन लागत नाही. सर्चमध्ये आजार, औषध आणि गाव अशी तीन नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाका. मी हायड्रॉक्सियुरिया, सिकल आणि नागपूर टाकलं होतं. मग फिल्टरमध्ये जाऊन ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ निवडा. पूर्ण पेपर फुकट हवा असेल तर ‘फ्री फुल टेक्स्ट’ निवडा. प्रत्येक पेपरचा सारांश वाचता येतो. इंग्रजी अवघड वाटलं तर कॉपी करून ट्रान्सलेट ॲपमध्ये टाका, पण आकडे मूळ पानावरच बघा.

पायरी ३ : सीटीआरआय बघा. भारतातल्या ट्रायलची ही सरकारी नोंदवही आहे, ‘आयसीएमआर’च्या संस्थेकडून चालवली जाते. पत्ता : सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. २००७ मध्ये ती सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलसाठी नोंदणी सक्तीची झाली. साइट मोबाइलला फारशी सोयीची नाही, फोन आडवा धरा. ‘ट्रायल सर्च’मध्ये शब्द किंवा नंबर टाका. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या ट्रायलचा नंबर असा आहे : सीटीआरआय/२०२०/०७/०२६३००. म्हणजे वर्ष, महिना आणि क्रमांक.

नोंद उघडली की हे बघा : किती लोक घेणार, कुठल्या हॉस्पिटलांत, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, आणि ‘प्रायमरी आउटकम’ काय. म्हणजे यश कशाने मोजणार, हे आधीच जाहीर केलंय का? बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती गोल काढला, तर नेम बरोबर बसणारच. म्हणून गोल आधी काढायचा असतो.

सावधान! सीटीआरआय नंबर असणं म्हणजे औषध काम करतं असं नाही. नंबर म्हणजे ‘परीक्षेला फॉर्म भरला’, पास झाला असं नाही. काही जाहिराती हाच नंबर सर्टिफिकेटसारखा मिरवतात.

पायरी ४ : एआय चॅटबॉटला विचारलं असेल, तर उलटतपासणी करा. चॅटबॉट कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पेपरचं नाव आत्मविश्वासाने सांगतो. ते नाव जसंच्या तसं पबमेडमध्ये टाका. सापडलं नाही, तर विश्वास ठेवू नका.

आणि तुम्हालाच ट्रायलमध्ये घेतलं तर?

मेडिकलसारख्या मोठ्या हॉस्पिटलांत ट्रायल चालतात, त्यामुळे कधीतरी तुमच्या घरच्यांना कोणी विचारू शकतं. घाबरू नका आणि लगेच सहीही करू नका. भारतात २०१९ चे ‘नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम’ लागू आहेत. तुमचे हक्क थोडक्यात :

- सगळी माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे आणि संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.
- ‘नाही’ म्हणता येतं. मध्येच बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.
- ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि नियमाप्रमाणे भरपाई.
- लहान मूल असेल तर पालकांची संमती लागते. मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्यालाही विचारावं लागतं.

‘मला प्लेसिबो मिळाला तर?’ हा प्रश्न बिनधास्त विचारा. आजारावर चांगलं औषध आधीच ठरलेलं असेल, तर सहसा नव्या औषधाची तुलना त्या जुन्या औषधाशीच करायची असते, रिकाम्या गोळीशी नाही. तुमच्या बाबतीत काय केलंय, हे सांगणं त्यांचं काम आहे.

आत्याचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. ‘ते खोटं आहे’ असं सुरुवातीलाच म्हटलं नाही. कांद्याची गोष्ट सांगितली. मग ६० मुलांची सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, “म्हणजे त्या दुसऱ्या तीस पोरांनी १८ महिने तसंच काढलं, म्हणून आपल्याले कळलं का गोळी लागू पडते?”

मला हे सुचलंच नव्हतं. मी आकडे वाचत होतो, तिला पोरं दिसली. मी ‘हो’ म्हटलं.

पावडर आणली नाही. पुढच्या तारखेला ती फॉरवर्डचा स्क्रीनशॉट घेऊन ओपीडीत गेली आणि डॉक्टरांनाच दाखवला. ‘कॅन्सरची गोळी’ हा प्रश्नही तिने पहिल्यांदा मोकळेपणाने विचारला, तो वर्षभर मनात अडकला होता. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून समजावलं. गोळी चालू आहे. त्यानंतर थंडीत आतेभावाला एकदा कळा आल्याच, दोन दिवस ॲडमिट होता. गोळी म्हणजे जादू नाही, हे आता आत्यालाही माहीत आहे आणि मलाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी ग्रुपवर ‘रिसर्चने सिद्ध’ आलं, की पाठवणाऱ्या काकांशी भांडू नका. त्यांनी काळजीपोटीच पाठवलेलं असतं. फक्त खाली दोन शब्द लिहा : “कशाच्या तुलनेत?” मग पबमेड उघडा आणि जे सापडेल ते ग्रुपवर टाका. आणि घरात कोणाची गोळी चालू असेल, तर ती बंद करण्याचा निर्णय फॉरवर्ड वाचून घेऊ नका, डॉक्टरांना विचारूनच घ्या. लेख उपयोगी वाटला तर ज्यांच्या घरी अशी फॉरवर्ड येतात त्यांना पाठवा.